चौथ्या मात्रेवर

फेअर ग्राउंड्स हे मुळात घोड्यांच्या शर्यतीचं मैदान. १८७२ पासून इथं घोडे धावतात. एप्रिलचा शेवट आणि मेची सुरुवात या दिवसांत मात्र धावपट्टीच्या आतल्या हिरवळीवर तंबू आणि रंगमंच उभे राहतात. सकाळी अकरापासून संध्याकाळी सातपर्यंत तिथं एकाच वेळी डझनभर ठिकाणी गाणं-वाजवणं चालू असतं. न्यू ऑर्लिन्स जॅझ अँड हेरिटेज फेस्टिव्हल हे त्याचं पूर्ण नाव. गावातली माणसं नुसतं ‘जॅझ फेस्ट’ म्हणतात.

माझी भाची ह्यूस्टनला असते. तिच्याकडे आलो आणि आम्ही दोघं आय-टेन या महामार्गानं पूर्वेला निघालो. लुइझियाना लागल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमिनीपेक्षा पाणीच जास्त दिसू लागतं. अचाफलायाच्या दलदलीवर तर सलग २९ किलोमीटर पूलच आहे; खाली काळं पाणी, पाण्यात उभी सायप्रसची झाडं, त्यांच्या फांद्यांवरून लोंबणारं करडं शेवाळ. या महामार्गाबद्दल मला पुढं बोलायचं आहे, म्हणून त्याचं नाव आधीच सांगून ठेवतो.

रविवारी सकाळी कॅनॉल स्ट्रीटवर लाल ट्राम पकडली. ती सिटी पार्कच्या तोंडाशी सोडते. तिथून बायू सेंट जॉन हा संथ ओढा ओलांडला की एस्प्लनेड अ‍ॅव्हेन्यू लागतो. ओकच्या झाडांनी दोन्हीकडून धरलेला हा रस्ता त्या दिवशी एखाद्या यात्रेच्या वाटेवर असतो तसा भरलेला होता. लोकांनी घरापुढच्या हिरवळीवर गाड्या लावायला जागा दिली होती, बर्फानं भरलेल्या खोक्यांत पाण्याच्या बाटल्या विकायला ठेवल्या होत्या, व्हरांड्यांत खुर्च्या टाकून म्हातारी माणसं येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाक मारत होती. ओळख असो नसो, या गावात हाक मारतात.

वाटेत डाव्या हाताला सेंट लुइस सिमेटरी क्रमांक तीन लागते. इथं जमिनीखाली फार खोल न जाता पाणी लागतं. त्यामुळे बहुतेक थडगी जमिनीच्या वर बांधलेली, पांढऱ्या चुन्याची, दारं असलेली. दफनभूमीच्या भिंतीजवळ उभे होतो तेव्हा पलीकडच्या मैदानातून ढोल जुळवून घेतल्याचा आवाज आला. हा योग मला फार मोलाचा वाटला, कारण या गावातला बँड ज्या कामासाठी जगभर ओळखला जातो ते काम अंत्ययात्रेचं आहे. दफनभूमीकडे जाताना बँड संथ, जड पावलांनी भजनांच्या चाली वाजवतो. मृतदेहाला निरोप दिला की तोच बँड चाल बदलतो आणि माणसं नाचत परत फिरतात. घरचे, क्लबचे आणि बँडवाले यांची पुढची रांग. त्यांच्या मागून हातरुमाल आणि छत्र्या हलवत येणारा सगळा मोहल्ला म्हणजे ‘सेकंड लाइन’. तिच्यात सामील व्हायला आमंत्रण लागत नाही.

या अंत्ययात्रांचा खर्च कोण करायचं? विमा कंपन्या आणि दवाखाने कृष्णवर्णीयांना दारात उभं करत नव्हते, त्या काळात त्यांनी आपापल्या वस्त्यांत मदतमंडळं काढली. सभासद वर्गणी भरायचे. त्यातून आजारपणात डॉक्टर, मेल्यावर पेटी, जागा आणि बँड. ‘यंग मेन ऑलिंपियन’ हे अशांपैकी एक मंडळ १८८४ सालचं, आणि ते अजून रस्त्यावर मिरवणूक काढतं. आपल्याला कोण उचलणार आणि आपल्यामागं कोण वाजवणार, याची तजवीज गरीब माणसांनी महिन्याच्या वर्गणीतून केली. न्यू ऑर्लिन्सच्या संगीताबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं, पण मला सगळ्यात जास्त हलवणारी गोष्ट हीच.

आत शिरलो तेव्हा ऊन डोक्यावर यायचं होतं, तरी शर्ट पाठीला चिकटला होता. पारा बत्तिसाच्या पुढं नसेल, पण हवेत समुद्राकडून आलेली ओल इतकी, की मे महिन्यातलं मालवण आठवावं. मैदानात झाडं जवळजवळ नाहीतच. धावपट्टीची माती तापलेली. जाणते लोक रुंद काठाच्या गवती टोप्या घालून, अंगाला पांढरी मलमं फासून, घडीच्या खुर्च्या बगलेत मारून आले होते. काहींनी उंच काठ्यांवर झेंडे, माशांच्या आकृत्या, फुगवलेले खेकडे लावले होते, म्हणजे गर्दीत हरवलेल्या सोबत्यांनी लांबून पाहून यावं. “मामा, टोपी काढू नकोस,” असं भाचीनं दिवसभरात कितीदा बजावलं याचा हिशेब नाही.

मोठ्या रंगमंचांविषयी फार सांगण्यासारखं नाही. तिथं नावाजलेली मंडळी येतात, हजारोंची गर्दी असते आणि मागं उभ्या असलेल्याला कलावंत पडद्यावरच दिसतो. आम्ही थोडा वेळ थांबलो आणि तंबूंकडे वळलो.

गॉस्पेलच्या तंबूत सावली होती, म्हणून आत गेलो आणि संगीतासाठी बसून राहिलो. झगे घातलेला साठ-सत्तर जणांचा चर्चगायकवृंद, एक ऑर्गन, एक ढोलसंच. पुढच्या रांगेतल्या आज्या पंख्यानं वारा घेत होत्या आणि सूर चढला की पंखा तसाच वर धरून उभ्या राहत होत्या. तिथून आम्ही ‘इकॉनॉमी हॉल’ नावाच्या तंबूत गेलो. हे नावही एका मदतमंडळाच्या सभागृहाचं आहे. ट्रेमे वस्तीतल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांनी १८३६ साली ते मंडळ काढलं होतं, आणि त्यांच्या सभागृहात पुढं जुन्या जॅझचे जलसे रंगले. आता तंबूत त्याच धाटणीचं संगीत चालतं. एका चालीवर वादकांनी खूण केली आणि खुर्च्यांवरची अर्धी माणसं उठली. पिसं आणि मणी लावलेल्या छोट्या छत्र्या उघडल्या गेल्या आणि तंबूला वळसा घालत रांग निघाली. माझ्या शेजारच्या बाईंनी, वय ऐंशीच्या घरात असावं, आपली छत्री माझ्या हातात दिली आणि रुमाल स्वतःकडे ठेवून मला पुढं ढकललं. मी चाललो. नाचता येत नसलं तरी त्या तालावर पाय सरळ पडूच शकत नाही.

त्याचं कारण ‘जॅझ अँड हेरिटेज’ रंगमंचापुढं कळलं. हा रंगमंच तुलनेनं लहान, आणि ब्रास बँडांचा खास. आम्ही कठड्याला लागून उभे होतो, त्यामुळे मोठ्या ढोलाच्या वादकाचे हात स्पष्ट दिसत होते. एका हातात मऊ डोक्याचा दांडा, दुसऱ्या हातात वाकवलेला कपड्यांचा हँगर. ढोलाच्या माथ्यावर झांज बसवलेली असते आणि ती या हँगरच्या तारेनं वाजवायची. काहीजण त्यासाठी स्क्रूड्रायव्हर वापरतात. लष्करी कवायतीत ढोलाचा भार पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर असतो, डावा-उजवा, डावा-उजवा. इथं दर दुसऱ्या आवर्तनात चौथी मात्रा दणक्यात येते. पाऊल खाली पडायच्या क्षणी ढोल वेगळंच सांगतो आणि कंबर आपोआप वळते. कवायतीचं नृत्यात रूपांतर व्हायला एवढा एक ठोका पुरला. ज्या माणसांना कवायत शिकवली गेली त्यांनी ती आपल्या अंगाला बसेल अशी करून घेतली.

ढोलाच्या शेजारी सूझाफोन. अंगाभोवती गुंडाळलेलं, डोक्यावरून तोंड उघडणारं हे पितळी वाद्य चौदा-पंधरा किलोंचं. बँडनायक जॉन फिलिप सूझा यांच्या नावावरून त्याला हे नाव मिळालं. उन्हात त्या धातूला हात लावणं कठीण होत असणार. वादकानं खांद्यावर जाड टॉवेल घेतला होता. उष्णतेचा सुरांवरही परिणाम होतो. हवा तापली की नळीतला आवाज वेगानं धावतो आणि ट्रम्पेट, ट्रॉम्बोन सगळे थोडे चढतात. दोन गतींच्या मध्ये वादक नळ्या किंचित बाहेर ओढून सूर खाली आणत होते, घाम पुसत होते, पुन्हा ओठ लावत होते. ट्रॉम्बोनवाल्याचा ओठ सुजलेला दिसत होता. तासभर ते बसले नाहीत.

ही परंपरा सहज टिकलेली नाही. साठच्या दशकाअखेरीस रस्त्यावरच्या बँडांत म्हातारेच उरले होते. बँजोवादक डॅनी बार्कर न्यूयॉर्कमध्ये मोठमोठ्यांबरोबर वाजवून गावी परतले होते. १९७० च्या सुमारास त्यांनी फेअरव्ह्यू बॅप्टिस्ट चर्चच्या आसपासची पोरं गोळा केली आणि त्यांच्या हातात वाद्यं दिली. त्या पोरांतून आणि त्यांच्या प्रभावातून पुढचे बँड उभे राहिले. ‘डर्टी डझन’ १९७७ मध्ये आला, ‘रीबर्थ’ १९८३ मध्ये. रीबर्थ शाळकरी मुलांनी सुरू केला आणि २०१२ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. एका माणसानं वेळेवर मुलांना शिकवलं, म्हणून आज आम्ही त्या कठड्याशी उभे होतो.

तिथं उभं असताना मला सातारच्या वराती आठवत राहिल्या. वाद्यं तीच. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, युफोनियम, मोठा ढोल, कडकड वाजणारा साइड ड्रम. इंग्रजी पलटणींच्या बँडांमागून ही वाद्यं आपल्याकडे आली, मेरठला त्यांचे कारखाने निघाले, आणि गावोगाव लाल कोटावर सोनेरी पट्ट्या लावलेले बँडवाले दिसू लागले. हलगी-सनई वाजवणाऱ्या मातंग समाजातल्या कितीतरी घरांनी पुढं ही पितळी वाद्यं हाती घेतली. त्यांच्यावाचून लग्न शोभत नसे आणि त्यांचं जेवण मात्र मांडवाबाहेर असे. मी ते पाहिलं आहे. वैशाखातल्या दुपारी दोन-दोन मैल चालत वाजवलेल्या माणसाला पाणी देताना तांब्या वरून धरलेला मी पाहिला आहे. बँडच्या गाडीवर मालकाचं नाव मोठ्या अक्षरांत असतं, मोबाइल नंबरासकट. क्लॅरिनेटवर नवऱ्या मुलाला रडवणाऱ्या वादकाचं नाव वऱ्हाडातल्या कुणालाही माहीत नसतं, आणि गत संपल्यावर कुणी टाळी वाजवत नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये निवेदकानं एकेका वादकाचं नाव, त्याचा मोहल्ला आणि त्याच्या वडिलांनी कुठल्या बँडात काय वाजवलं हे सांगितलं. प्रत्येक नावाला लोक ओरडले. आपल्या वादकांना हे मिळायला हवं. मिळालेलं नाही, आणि याची लाज आपल्या सगळ्यांची आहे.

आपल्या सिनेसंगीतात या गावाचा आवाज शिरला तोही एका पितळी वाद्यातूनच. गोव्यातल्या आल्दोण्यात जन्मलेले आंतोनियो झेवियर वाझ मुंबईच्या ताजमध्ये ट्रम्पेट वाजवत आणि चिक चॉकलेट या नावानं ओळखले जात. त्यांची तुलना थेट याच गावच्या लुई आर्मस्ट्राँगशी होई. सी. रामचंद्रांनी त्यांना जवळ केलं. १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. भाचीला हे माहीत नव्हतं. तिनं फोनवर त्यातलं एक गाणं शोधलं आणि आम्ही दोघांनी तिथंच, सूझाफोनच्या गुरगुराटात, एकेक कान वाटून घेऊन ऐकलं.

दुपारी दोन-अडीचला उभं राहणं अशक्य झालं. शर्यत पाहायला बांधलेली जी पक्की इमारत आहे, तिच्या आत थंड हवा असते. तिथं ॲलिसन मायनर यांच्या नावाचा एक छोटा मंच आहे आणि त्यावर वादकांच्या मुलाखती होतात. मायनर या महोत्सवाच्या पहिल्या कार्यकर्त्यांपैकी. पहिला महोत्सव १९७० साली काँगो स्क्वेअरमध्ये भरला. ही जागा ट्रेमेच्या कडेला. गुलामीच्या काळात रविवारी आफ्रिकी माणसांना जमायला, बाजार भरवायला, ढोल वाजवून नाचायला मुभा होती ती इथंच. १८१७ च्या हुकमानं त्यांना अशी एकच जागा नेमून दिली होती. त्या पहिल्या महोत्सवासाठी त्याचे आयोजक जॉर्ज वीन यांनी ड्यूक एलिंग्टनना खास रचना करायला सांगितली होती आणि गायिका महालिया जॅक्सन आल्या होत्या. युरेका ब्रास बँड गर्दीतून वाजवत चालला होता. वीननी माइक पुढं केला आणि महालिया बँडबरोबर चालत गाऊ लागल्या. जमलेले श्रोते तीनशे-साडेतीनशे. कलावंतांची संख्याच त्यांच्याहून जास्त होती. तिकीट तीन डॉलर होतं. आज दिवसाचं तिकीट शंभर डॉलरांच्या आसपास जातं. ज्या वस्त्यांतून हे संगीत आलं तिथल्या कितीतरी कुटुंबांना ते परवडत नाही. हे मला सलतं आणि महोत्सवाचं कौतुक करताना हे सांगायलाच हवं.

बाहेर आलो तेव्हा भाचीनं मँगो फ्रीझ आणलं. गावाच्या डब्ल्यूडब्ल्यूओझेड या सामुदायिक रेडिओ केंद्राचा तो ठेला आहे आणि त्यातून केंद्राला पैसा मिळतो. आंब्याच्या बाबतीत मराठी माणूस सहसा परक्याला मान देत नाही, पण त्या उन्हात तो गार, आंबट-गोड गोळा जिभेवर विरघळला तेव्हा मी मान दिला. मग गम्बो घेतलं: दाट, काळपट रस्सा, त्यात सॉसेज, कोंबडी, भेंडी आणि खाली भात. भेंडी आफ्रिकेतून तिकडे गेली आणि रस्श्याला दाटपणा द्यायच्या कामाला लागली. उकाड्यात गरम रस्सा खाणारे आम्ही एकटे नव्हतो.

चारच्या सुमाराला गर्दी दुभंगली आणि मार्डी ग्रा इंडियन्सची टोळी आली. हे कृष्णवर्णीय मोहल्ल्यांतले लोक. पळालेल्या गुलामांना आसरा देणाऱ्या मूळ रहिवाशांच्या आठवणीत ते पिसांचे आणि मण्यांचे वेश करतात, असं ते सांगतात. वेश दरवर्षी नवा. वर्षभर रात्री बसून हातानं टाका-टाका घालून शिवलेला. बिग चीफ पुढं आला तेव्हा त्याच्या पिसांचा पसारा वाट अडवण्याएवढा होता, भगवा, उन्हात पेटलेला. कपाळावरून घाम छातीवरच्या मण्यांच्या चित्रात उतरत होता आणि तो गात होता. मागं खंजिऱ्या आणि ढोल. कुणी त्याला वारा घालत होतं, कुणी पाण्याची बाटली तोंडाला लावत होतं. पोशाख उतरवायचा विचार त्याच्या चेहऱ्यावर कुठंही नव्हता.

याच टोळ्यांचे प्रमुख टूटी माँटाना जून २००५ मध्ये नगर परिषदेत उभे राहिले. सेंट जोसेफच्या सणाच्या रात्री पोलिसांनी इंडियन्सना कसं वागवलं ते ते सांगत होते, आणि बोलता बोलताच कोसळून गेले. दोनच महिन्यांनी कतरिना वादळ आलं, बंधारे फुटले आणि शहराचा ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. माणसं मिळेल त्या वाहनानं आय-टेननं ह्यूस्टनकडे गेली, त्यांत पुष्कळ वादकही होते. तरी एप्रिल २००६ मध्ये हा महोत्सव याच मैदानावर झाला. पुढं २००७ मध्ये ट्रेमेत एका ट्यूबावादकाच्या मृत्यूनंतर लोक रस्त्यावर वाजवत जमले तेव्हा पोलिसांनी मिरवणूक अडवून दोन वादकांना अटक केली. ट्रेमेतला क्लेबॉर्न अ‍ॅव्हेन्यू हा एकेकाळी ओकच्या सावलीतला, दुकानांचा आणि मिरवणुकांचा रस्ता. १९६० च्या दशकात ती झाडं तोडून त्याच्या डोक्यावरून महामार्ग नेला. तो महामार्ग म्हणजे आम्ही ज्यानं आलो तोच आय-टेन. आता सेकंड लाइन त्या पुलाखालून जाते, आणि काँक्रीटवर आदळून आवाज दुप्पट होतो म्हणून वादक तिथं मुद्दाम थांबून जोरात वाजवतात.

महोत्सवाचा शेवटचा दिवस होता, त्यामुळे मोठ्या रंगमंचावर समारोपाला ट्रॉम्बोन शॉर्टी. ट्रॉय अँड्र्यूज हे त्याचं खरं नाव. ट्रेमेचाच. चार वर्षांचा असताना याच महोत्सवात बो डिडलींनी त्याला उचलून मंचावर घेतलं होतं. हातातला ट्रॉम्बोन तेव्हा त्याच्याहून लांब होता. आता त्याची संस्था गावातल्या मुलांना वाजवायला शिकवते. ऊन उतरलं होतं. त्यानं ट्रम्पेटवर एक सूर धरला आणि श्वास न तोडता इतका लांबवला की आधी टाळ्या आल्या, मग थांबल्या, मग पुन्हा आल्या. सात वाजता सगळं बंद झालं.

आम्ही मिस्टरी स्ट्रीटनं बाहेर पडलो. कोपऱ्यावर तेरा-चौदा वर्षांच्या पोरांचा बँड उभा होता. दोन ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सूझाफोन, ढोल. ढोलावर काळ्या रंगानं बँडचं नाव हातानं लिहिलेलं. दिवसभर कसलेले वादक ऐकले होते, तरी मी तिथं थांबलो. त्यांचा सूर कच्चा होता आणि चौथी मात्रा पक्की. गत संपल्यावर सूझाफोनवाल्या मुलाला मी नाव विचारलं. त्यानं सांगितलं, आणि मग न विचारता बाकीच्यांचीही सांगितली. कोण कुठल्या शाळेच्या बँडात आहे, कुणाचा काका कुणाबरोबर वाजवतो, तेही. भाचीनं डब्यात नोटा टाकल्या. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडेही लग्नात हेच वाजतं. “सूझाफोन?” त्यानं डोळे मोठे करून विचारलं. भाचीनं फोनवर आमच्या चुलत भावाच्या लग्नातल्या वरातीचा व्हिडिओ लावला. ती पोरं डोकी एकत्र करून पाहत राहिली. लाल कोटातला म्हातारा क्लॅरिनेटवाला दिसला तेव्हा ट्रम्पेटवाल्यानं विचारलं, “याचं नाव काय?”

आम्हाला सांगता आलं नाही. भाचीनं लगेच साताऱ्याला निरोप धाडला, तिकडे पहाट होत होती. तोवर पोरांनी वाद्यं उचलली होती. हँगर झांजेवर पडला, ढोल घुमला आणि बँड एस्प्लनेडवरून ब्रॉड स्ट्रीटच्या दिशेनं निघाला. ट्राम उलट्या बाजूला होती. रस्त्यावरची माणसं बँडच्या मागं लागली होती, कुणी टोपी हलवत, कुणी रिकामी बाटली. आम्हीही त्यांच्यात शिरलो.